घोडबंदर रोडला राहायला आलेल्यांनी रोजचं जेवायचं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ठाण्याच्या घोडबंदर रोडवरच्या हॉटेलांचं पान आलं होतं, ते आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो काढून टाकलं आणि मग त्यावर नुसती चर्चा चालली होती, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. पानावर होतं काय, तर मॉलमधली रेस्टॉरंट, एकदोन रूफटॉप, कॅफे आणि एक बुफेवाला. त्या जागा वाईट आहेत असं माझं अजिबात म्हणणं नाही, लग्नाच्या वाढदिवसाला आम्हीपण जातोच. पण नवीन ठिकाणी राहायला आलेल्या माणसाची गरज वेगळी असते हो. सामान अजून खोक्यात आहे, गॅस कनेक्शन ट्रान्सफर व्हायचंय, नवराबायको दोघं ऑफिसवरनं साडेआठला घरी येतात, मुलं भुकेनं रडकुंडीला आलेली, अशा वेळी चार चपात्या आणि एक साधी भाजी कुठे मिळेल, सकाळी गरम पोहे कुठे मिळतील, घरात कोणी आजारी पडलं तर मऊ भात कोण करून देईल, हे कळायला हवं असतं. आणि नेमकं तेच कुठे छापून येत नाही.

आम्ही मूळचे लालबागचे. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली, जे भाडं मिळतं त्यात तिकडे काही परवडेना आणि मिस्टरांचं ऑफिस वागळे इस्टेटला, म्हणून कासारवडवलीच्या पुढे फ्लॅट घेतला. लालबागमध्ये काय खायचं हा प्रश्न पडतच नाही. खाली उतरलं की चिवडा गल्ली, मसाल्याची दुकानं, लाडूवाले, संध्याकाळी वड्यांचे घाणे निघायला लागले की वास थेट तिसऱ्या मजल्यावर. पण त्याच्याही आधीची गोष्ट म्हणजे खानावळी. कोकणातनं, घाटावरनं एकटे आलेले गिरणी कामगार एकेका खोलीत दाटीनं राहायचे, पाळीप्रमाणे झोपायचे आणि जेवण महिन्याच्या बोलीवर खानावळीत. ह्या खानावळी बायकाच चालवायच्या, त्याच चाळीतल्या, आपल्याच दहा बाय बाराच्या खोलीत, आणि पगार होईपर्यंत किराणा भरायला सावकाराकडनं व्याजानं पैसे घ्यायच्या. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी ह्या बायकांना एकत्र आणून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं, हे आमच्या घरात आदरानं सांगितलं जातं कारण माझ्या आजेसासूबाईंनीसुद्धा खानावळ चालवली होती. पुढे १९८२ चा संप झाला, गिरण्या गेल्या, आणि खानावळींची गिऱ्हाईकंपण गेली.

हे एवढं सांगायचं कारण असं की जिथे माणसं नव्यानं राहायला येतात तिथे त्यांच्या जेवणाची सोय करणारी माणसं त्याच वस्तीतनं उभी राहतात, हे मुंबईनं बघितलेलं आहे. घोडबंदर रोडला माणसं हजारोंनी आली, अजून येतायत, मेट्रो ४ कासारवडवलीपर्यंत येणार म्हणून रोज नवीन टॉवरचे बोर्ड लागतायत, पण ह्या सोय करणाऱ्या माणसांना बसायला जागाच कुणी ठेवलेली नाही. माझी तक्रार म्हणा, कळकळ म्हणा, ती एवढीच आहे.

आमच्या कॉम्प्लेक्सचंच बघा, नाव देत नाही कारण शेजारच्या कॉम्प्लेक्समध्येही तेच आहे. खाली गाळे आहेत. त्यात आहे काय, तर प्रॉपर्टीवाले दोन, सलून, मेडिकल, केकचं दुकान, मोबाईलवाला आणि पिझ्झा. गाळ्याचं भाडं आणि डिपॉझिट एवढं आहे की चपाती-भाजी विकून ते कोणालाच भरता येणार नाही, मग जो गाळा घेतो तो साहजिकच महाग तेच विकतो. फुटपाथवर गाडी लावायची तर रोज उठवतात. आमच्या मागच्या बिल्डिंगमधली एक ताई घरातनं डबे द्यायची, हाताला चव एवढी की एकदा खाल्लं की दुसऱ्या दिवशी आपण होऊन फोन करायचो, तर कमिटीने पत्र काढलं की फ्लॅटमधनं धंदा चालणार नाही आणि डबा न्यायला येणाऱ्या मुलांना गेटवर अडवायला सुरुवात केली. ज्या घरात दोन म्हातारी माणसं एकटी राहतात त्यांचा डबा त्या दिवसापासून बंद झाला. कमिटीत कोणालाही ह्याचं वाईट वाटलं नाही असं नाही, पण नियम म्हणजे नियम. मला अजून ते पटलेलं नाही.

मग उरतं काय, तर ॲप. ॲपवरनं मागवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, रात्री दहाला दुसरा पर्याय नसतो. पण नवीन आलेल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते, ॲपवर हॉटेलच्या पानाच्या अगदी खाली जा, तिथे पत्ता आणि एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचा, १४ आकडी नंबर दिलेला असतो. बिर्याणीवाला, पराठेवाला, चायनीजवाला अशी तीन वेगळी नावं आणि तिन्हींचा पत्ता एकच निघतो बरेचदा, म्हणजे किचन एकच. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण आपल्याला माहीत तरी असावं. आणि तो पत्ता एकदा संध्याकाळी चालता चालता जाऊन बघून यावा. नंबरचा पहिला आकडा १ असला तर लायसन्स, २ असला तर छोट्या धंद्याची नोंदणी. २ बघून नाक मुरडू नका, घरगुती डबेवाल्या ताईंचा नंबर २ नेच सुरू होतो.

आता खायचं कुठे ते सांगते, कारण तुमच्या पानात जे राहिलं ते हेच.

पहिलं म्हणजे गावात जा. घोडबंदर रोड म्हणजे नुसते टॉवर नाहीत. कासारवडवली, ओवळा, वाघबीळ, कावेसर, मोघरपाडा, कोलशेत ही आगरी-कोळ्यांची जुनी गावं आहेत, टॉवरच्या पाठीमागेच आहेत, आणि कॉम्प्लेक्समधल्या किती लोकांनी त्या गल्लीत पाय टाकलाय विचारा, मोजकेच निघतील. तिथे देवळाजवळ, नाक्यावर, कुणाच्या पडवीत छोट्या खानावळी आहेत, बोर्ड असतोच असं नाही. तांदळाची भाकरी, ती पण हातावर थापलेली आणि पापुद्रा सुटलेली, वालाचं बिरडं, जवळ्याची चटणी, सुके बोंबील, आणि खाडीची मच्छी आली असेल तर कोळंबी, चिंबोऱ्या, कधी निवट्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले छोटे मासे. निवट्यांचं कालवण आमच्या लालबागला मी कधी खाल्लं नव्हतं, इथे येऊन खाल्लं. ह्या लोकांची भातशेती होती, मिठागरं होती, खाडीत मासेमारी होती, आता शेतावर टॉवर आहेत पण स्वयंपाकघर अजून तेच आहे. तिथे गेल्यावर मेनूकार्ड मागू नका, आज काय आहे विचारा. आणि जायच्या आधी वार बघा, श्रावणात आणि मार्गशीर्षातल्या गुरुवारी बऱ्याच ठिकाणी मच्छीमटण बंद असतं, पण त्याच दिवसांत बिरडं आणि भाज्या फार सुंदर मिळतात, त्यामुळे तेव्हाही जाच.

दुसरं म्हणजे जुन्या ठाण्यात जा. घोडबंदरला राहणारी कितीतरी माणसं स्वतःला ठाणेकर म्हणवतात आणि तलावपाळीला गेलेली नसतात, ट्रॅफिकमुळे नको वाटतं हे मला कळतं, मला पण वाटतं. पण रविवारी सकाळी सातच्या टीएमटीच्या बसनं निघा, रस्ता मोकळा असतो. मामलेदार कचेरीला लागून मामलेदार मिसळ आहे, कचेरीवरनंच नाव पडलं, आणि ठाण्यात एवढी वर्षं झाली तरी लोक अजून उभं राहून वाट बघतात. तिखट किती हवी ते आधी सांगायचं असतं, पहिल्यांदा जाणाऱ्यानं मीडियमच्या वर जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मीडियमच घाम काढते. ही मिसळ पुणेरी मिसळीसारखी नाही, कोल्हापूरसारखी पण नाही, तिच्यात पोहे-बटाटा वगैरे शोधू नका, रस्सा आणि फरसाण हाच तिचा जीव. स्टेशनसमोर कुंजविहारचा वडापाव, आकारानं एवढा की एकात पोट भरतं, आणि त्यावर लस्सी. नौपाड्यात गजाननचा वडापाव, त्याच्याबरोबर बेसनाची पिवळी पातळ चटणी देतात, ती दुसरीकडे शोधून मिळत नाही आणि लोक वडा संपला तरी चटणी परत मागतात. पाचपाखाडीला प्रशांत कॉर्नर आहे, मिठाई घ्यायला गेलं की चाट खाल्ल्याशिवाय कोणी परत येत नाही. ही सगळी नावं जुन्या ठाणेकरांना पाठ आहेत, त्यांना ह्यात नवीन काही वाटणार नाही, पण मी लिहितेय ते काल ट्रक खाली करून आलेल्यांसाठी.

आणि गोखले रोडवरनं, राममारुती रोडवरनं आत गल्लीत शिरलात की पोळीभाजी केंद्रं दिसतील. छोटासा गाळा, आत तीनचार बायका, एक लाटतेय एक भाजतेय, काउंटरवर स्टीलच्या डब्यांत भाज्या, बाजूला कोशिंबीर, चटणी, आणि सणाच्या आधी पुरणपोळ्यांची ऑर्डर घेतल्याची पाटी. नौपाड्यात, डोंबिवलीत, पार्ल्यात ह्याच केंद्रांवर नोकरी करणाऱ्या बायकांचे संसार सुरळीत चालतात हे मी माझ्या नणंदेच्या घरी बघितलंय, ती डोंबिवलीला असते आणि ऑफिसवरनं येताना स्टेशनजवळच चपात्या घेऊन घरी जाते, घरी फक्त कुकर लावते. हे जे आहे ना, स्टेशनवरनं घरी जायच्या वाटेवर गरम चपाती मिळणं, हे घोडबंदरला नाही. आमचा बसस्टॉप ते घर ह्या वाटेवर एकही केंद्र नाही. जिथे जुनी वस्ती आहे, छोटे गाळे आहेत, कमी भाडं आहे तिथेच ही केंद्रं टिकतात, आणि ज्या बाईला सगळ्यात जास्त गरज आहे ती राहते तिसाव्या मजल्यावर, तिथनं कितीतरी किलोमीटर लांब.

बाजाराचं पण सांगते. खाण्याची जागा म्हणजे नुसतं हॉटेल थोडीच, घरी चांगलं करून खायचं तर सामान कुठे मिळतं हे पण आलंच. जांभळी नाक्याला भाजी स्वस्त, तेही सकाळी लवकर. गावदेवीला भाजी मिळते. आणि पहिला पाऊस झाला की येऊरच्या पाड्यांवरनं आणि तिकडे मुरबाड-शहापूरकडनं आदिवासी बायका रानभाज्या घेऊन येतात, रस्त्याच्या कडेला पानांवर मांडून बसतात. जूनमध्ये शेवळं येतात, त्यांचा सीझन जेमतेम असतो. शेवळं नीट केली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडं, म्हणजे आंबट रानफळं, घालतात, विकणारी ताई जुडीबरोबर काकडं देतेच, नाही दिली तर मागून घ्या, आणि कशी करायची ते तिलाच विचारा, ती अगदी मन लावून सांगते. पुढे टाकळा, कुड्याच्या शेंगा, मग करटोली. सोसायटीच्या खाली येणारा जो टेम्पो आहे त्यात वर्षभर तीच फ्लॉवर, तीच सिमला मिरची. नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबातल्या मुलांना आपण येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी राहतो हे त्या ताईंच्या टोपलीवरनं कळेल.

जागा चांगली आहे की नाही हे कसं ओळखायचं, तर ह्यात फार मोठं शास्त्र नाही. रिक्षावाले आणि बसचे ड्रायव्हर-कंडक्टर दुपारी कुठे जेवतात बघा, त्यांना रोज खायचं असतं आणि खिशातनं खायचं असतं. दुपारी अडीचला भाजी संपली असं जो सांगतो तिथे दुसऱ्या दिवशी एकला जा, कारण तो ताजं आणि मोजकं करतोय. तेल बघा, कढईतलं तेल काळं आणि फेसाळ दिसलं तर सरळ पुढे निघा, कितीही गर्दी असू दे. पाणी कुठलं ते विचारायला लाजू नका. पावसाळ्यात कापलेली फळं, पाणीपुरी नवीन ठिकाणी पहिल्याच आठवड्यात नको. आणि मराठी, हिंदी, जी येईल त्या भाषेत मालकाशी दोन शब्द बोला, दुसऱ्या खेपेला तो ओळखतो, तिसऱ्या खेपेला मुलासाठी तिखट कमी करून देतो. उडप्याकडेसुद्धा तसंच, इडली-सांबार चांगला हवा असेल तर सकाळी सात ते नऊमध्येच जा, तेव्हा सांबार नुकता उतरलेला असतो.

आता तुमच्यामार्फत दोन गोष्टी मागायच्या आहेत. एक महापालिकेकडे. २०१४ चा फेरीवाला कायदा आहे, त्यात शहर फेरीवाला समिती करायला सांगितलीय, तिच्यात किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असायला हवेत आणि त्यातही एक तृतीयांश बायका, दर पाच वर्षांतनं एकदा तरी सर्व्हे व्हायला हवा, फेरीवाला क्षेत्रं ठरायला हवीत. मग घोडबंदर रोडला हजार-दोन हजार फ्लॅटच्या कॉम्प्लेक्सला परवानगी देताना त्याच्या दारात दहा गाड्या लागतील एवढी जागा, पाण्याचा नळ, कचऱ्याचा डबा आणि एक शौचालय हे आधीच आखून का ठेवता येऊ नये? गार्डन आखतात, क्लबहाऊस आखतात, पार्किंग तर तीन-तीन मजले आखतात. बचत गटाच्या बायकांना कमी भाड्यात दोन गाळे राखून ठेवले तर बिल्डरचं काय मोठं नुकसान होणार आहे? आणि फुटपाथ चालायला मोकळा हवा हे मलाही मान्य आहे, माझे सासरे काठी घेऊन चालतात, म्हणूनच म्हणते की जागा ठरवून द्या, म्हणजे चालणाऱ्यालाही त्रास नाही आणि विकणाऱ्यालाही रोज पळायला नको.

दुसरी मागणी सोसायट्यांकडे. घरातनं डबे देणाऱ्या ताईला नोटीस पाठवायच्या आधी एकदा तिच्याकडे बसून बोला. नोंदणी आहे का बघा, नसेल तर ती ऑनलाइन होते, कमिटीतल्या कुणी तरुण मुलानं अर्धा तास बसून करून द्यावी. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा असतो, तो धंद्याला वापरायचा नसतो, धंद्यासाठी १९ किलोचा कमर्शियल घ्यावा लागतो, आणि तो फ्लॅटमध्ये ठेवणं ही सुरक्षेची बाब आहे हे बरोबर आहे. मग क्लबहाऊसचं जे किचन वर्षातनं चार वेळा गणपती आणि थर्टीफर्स्टला उघडतं ते तिला सकाळचे तीन तास भाड्यानं द्या ना. सोसायटीला भाडं, तिला रोजगार, आणि एकट्या राहणाऱ्या आजीआजोबांना लिफ्टनं खाली उतरलं की गरम डबा. आमच्याकडे हे मी मीटिंगमध्ये मांडलंय, काही जण तयार आहेत, काहींना झुरळांची भीती वाटते. झुरळांसाठी पेस्ट कंट्रोल करता येतं.

तुम्हाला एकच सुचवायचं आहे. ते पान बंद करू नका, त्याच्या बाजूला अर्धं पान वाचकांना द्या. भागवार घ्या, आज ओवळा-कासारवडवली, पुढच्या रविवारी कोलशेत-ढोकाळी, मग दिवा, कळवा, पुढे बदलापूर, विरार, उलवे, कारण हाच प्रश्न तिकडेही आहे. पाठवणाऱ्याला स्टार द्यायला लावू नका. काय मिळतं, किती वाजता मिळतं, कुठल्या वारी बंद असतं, दोघांचं साधारण किती बिल होतं आणि म्हाताऱ्या माणसाला बसायला खुर्ची आहे का, एवढंच विचारा. छापायच्या आधी तुमच्या माणसानं एकदा जाऊन खाऊन यावं आणि मालकाची परवानगी घ्यावी, कारण चार टेबलांच्या खानावळीत एकदम शंभर माणसं आली तर तिची पंचाईत होते. माझ्याकडे आमच्या भागातल्या सात-आठ जागांची माहिती वेळेसकट लिहून तयार आहे, सोबत वेगळ्या कागदावर जोडतेय. जूनच्या आत हे सुरू करता आलं तर फार बरं होईल, शाळा सुरू व्हायच्या बेतानं इकडे सगळ्यात जास्त कुटुंबं राहायला येतात.

आपली नियमित वाचक,
घोडबंदर रोड, ठाणे (पश्चिम)
(नाव छापू नये ही विनंती)